लेबलवर तीस

चिंचपोकळी
सोमवार, १२ जानेवारी

ताई,

नऊ वर्षांत पहिल्यांदा तुला लिहितेय. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून केला तर आवाज ऐकून ठेवून देशील, म्हणून पत्र. पाकिटावर माझं नाव ठळक लिहिलंय, तुला फसवून वाचायला लावायचं नव्हतं. धनेशबरोबरचा संसार सोडून मी निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "माझ्या सासरच्या माणसाचं घर मोडून जातेयस, आता माझ्या दारात येऊ नकोस." मी आले नाही. आजही माझ्यासाठी लिहीत नाहीये.

मनवाबद्दल आहे.

ती मला भेटते. तुला हे माहीत नसणार. मी आता लोअर परळच्या मॉलमध्ये बायकांच्या जीन्सच्या दुकानात फिटिंगला असते. गेल्या जूनमध्ये ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर आली. मी गळ्यात टेप घालून उभी. मी तिला शेवटची बघितली तेव्हा ती बारा वर्षांची होती, मी कुठली ओळखणार. तिनेच ओळखलं. "अनूमावशी ना तू?" म्हणाली, आणि सगळ्यांदेखत मिठी मारली.

त्या दिवशी मी तिला जीन्स निवडून दिली. आमच्याकडे बाई आत आली की मी आधी कंबर आणि सीट बघते, चेहरा नंतर. एकाच तीस नंबरात पाच तऱ्हा असतात. कंबर बारीक आणि सीट भरलेली असली तर बेंबीवर बसणारी द्यायची, नाहीतर वाकली की पाठीमागे फट पडते. सरळ अंगाच्या बाईला तीच दिली तर पट्टा पोटात रुततो. घालून झाली की मी खुर्चीत बसायला लावते, मग उकिडवं बसायला लावते, मग पाठीमागून पट्ट्यात दोन बोटं घालते. दोन बोटं जावीत, मूठ जाता कामा नये. मांडीशी आडव्या रेषा ताणल्या तर घट्ट, सीटखाली चुण्या आल्या तर ढगळ. चांगलं कापड तासाभरात सैलावतं, म्हणून घेताना जराशी आवळच घ्यायची. बायका आकड्यावर अडून बसतात. मी त्यांना सांगते, आकडा आत असतो, बाहेर दिसतं ते बसणं.

मनवाला तीस नंबर असा बसला की मी दोन पावलं मागे जाऊन बघतच राहिले. उंची बाबांची, कंबर आपल्या आईची.

ताई, आता तिला पंचवीस नंबर घातला तरी पाठीमागे माझी मूठ जाते.

तू म्हणशील हल्लीच्या पोरी बारीक होतात. बारीक होणाऱ्या पोरी मी रोज बघते. ही तशी नाही. हात बर्फासारखे असतात. दंडावर आणि पाठीवर बारीक पांढरी लव आलीय, तान्ह्या बाळाला असते तशी. घरी ती लांब ढगळ शर्ट घालते ना? आत काय आहे ते तुला दिसत नसेल. मलाही परवा शनिवारीच नीट दिसलं. दिसल्याबरोबर लिहायला बसलेय.

तिला डॉक्टरकडे ने. वजन काट्यावर कर, ती सांगेल तो आकडा धरू नकोस. आणि एक, मी कळवलं हे तिला सांगू नकोस. नाहीतर माझ्याकडे यायची बंद होईल.

अनुजा


चिंचपोकळी
सोमवार, १९ जानेवारी

ताई,

पत्र बुधवारी पोचलं, तसा पोस्टाचा मेसेज आला. सही कोणाची ते त्यात नसतं. तुझ्या सासूबाईंनी घेतलं असेल तर देवालाच ठाऊक कुठे गेलं. म्हणून पुन्हा लिहितेय.

मनवा परवा शनिवारी आली होती. दुपारची वेळ, दुकानात दोनच गिऱ्हाइकं. पिशवीत तीस नंबरची नवी जीन्स घेऊन आली होती.

"मावशी, ही करून दे ना. कमरेत आणि मांडीत घे."

"नाही करणार," मी म्हटलं.

"का?"

"तू काय खाल्लंस आज?"

"झालंय माझं. मावशी, प्लीज. आधी तीन केल्यास ना?"

त्या तीनबद्दल मला तुला सांगायचंय. आज नको.

मी तिला आत शिलाई मशीनच्या खोलीत नेलं, माझा डबा उघडला. पोळी आणि वालाची उसळ. तिने पोळीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला, डब्याच्या कडेला ठेवला. मग दुसरा मोडला. बोलत होती छान, ऑफिसातलं सांगत होती, हसत होती. पंधरा मिनिटांनी डब्याच्या कडेला सात तुकडे ओळीने ठेवलेले होते आणि तोंडात एकही गेला नव्हता. तिच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा माझ्या लक्षात आलं नाही असं तिला वाटलं.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "घरी कोणी काही म्हणालं का गं तुला?"

"घरी कोण काय म्हणणार? आई गुरुवारी माझं कपाट उघडून बसली होती. सगळ्या जीन्स काढून बघत होती. मला वाटलं आता ओरडणार. तर काहीच नाही. उलट हसली. संध्याकाळी माझ्यासाठी आइस्क्रीम घेऊन आली."

ताई, पत्र बुधवारी पोचलं आणि गुरुवारी तू कपाट उघडलंस. म्हणजे ते तुला मिळालं आणि तू ते वाचलंस. आणि जीन्स काढून तू लेबलं बघितलीस. प्रत्येकावर तीस. मग तुला वाटलं असणार, नऊ वर्षांनी अनूला आगी लावायची हुक्की आलीय.

लेबलावर जाऊ नकोस. एवढंच आज लिहिते. का ते लिहायचा धीर होत नाहीये. पण तू तिला काट्यावर उभी कर. कपड्यांसकट नको. ती जीन्सच्या आत दोन दोन लेगिंग घालते.

अनुजा


चिंचपोकळी
गुरुवार, २२ जानेवारी

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. दुकानात जायच्या आधी तुझ्या शाळेच्या ऑफिसात स्वतः देऊन येईन. तुला भेटायला थांबणार नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. परवा शनिवारीच दिसलं असं लिहिलं होतं. मला सप्टेंबरपासून दिसत होतं.

ऑगस्टमध्ये मनवाने आमच्याकडून अठ्ठावीस नंबर घेतला. तू धुतलेले कपडे घडी करताना लेबल वाचलंस आणि तिला म्हणालीस, "तीसवरून अठ्ठावीसवर आलीस. आणखी एक नंबर उतरलीस तर सरळ डॉक्टरकडे नेईन." बरोबर बोललीस. आईने जे बोलायचं तेच. पण पोरीने त्यातून एकच धडा घेतला, की आई लेबल बघते.

सप्टेंबरमध्ये तिने ती अठ्ठावीसची जीन्स मैत्रिणीला देऊन टाकली आणि तीस नंबरची नवी घेऊन माझ्याकडे आली. नुसती ढगळ घातली असती तर तुला कळलं असतं. म्हणून म्हणाली, "मावशी, आतून माझ्या मापाची कर, पण लेबल तीसचंच राहू दे. आई उगाच टेन्शन घेते." मी हसले. मला वाटलं, काय होतंय. पाठीमागची मधली शिवण उसवली, पट्टा उघडला, दोन इंच आत घेतलं आणि लेबल होतं तिथे पुन्हा टाचलं. कारागिरी अशी की कंपनीच्या माणसालाही ओळखता येऊ नये.

नोव्हेंबरमध्ये दुसरी. तेव्हा चार इंच. तेवढं आत घेतलं की पाठीमागचे दोन खिसे एकमेकांजवळ सरकतात, बघणाऱ्याला खटकतं. म्हणून मी दोन्ही खिसे उसवले आणि नीट अंतर ठेवून पुन्हा बसवले. डिसेंबरमध्ये तिसरी. ती जवळजवळ सगळी उसवून नव्याने शिवली. कडेच्या शिवणी, मांड्या, सगळं. दीड दिवस लागला. मशीनवर बसून मी स्वतःशी म्हणत होते, अनुजा, हे माप एकवीस वर्षांच्या पोरीचं नाही. आणि तरी शिवत होते.

का शिवलं ते सांगते. माफी मागायला नाही, तू विचारशीलच म्हणून.

ती यायची, ताई. पंधरा दिवसांनी, महिन्याने, पण यायची. माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसायची आणि तुझ्याबद्दल सांगायची. तुझा गुडघा दुखतो, तू चष्मा बदललास, भाऊजींशी कशावरून वाजलं. मला नऊ वर्षांत कोणी काही सांगितलं नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. मी माझ्या बाजूने विचार केला. तिच्या बाजूने केला असता तर सप्टेंबरातच तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते, तू हाकललं असतंस तरी.

शेवटचं आपण बोललो तेव्हा मी तुला काय म्हणाले होते आठवतं? धनेश महिना महिना माझ्याशी बोलत नव्हता, ताटावरून उठवत होता, आणि तू तर दर रविवारी त्या घरी यायचीस. मी म्हणाले होते, "तुला सगळं दिसत होतं, तू बघितलं नाहीस." ते मी नऊ वर्षं उशाशी घेऊन झोपलेय. आता मलाच सगळं दिसत होतं. मी नुसतं बघितलं नाही असंही नाही, मी ते झाकून दिलं, पक्क्या टाक्यांनी.

कपाटातल्या तीन जीन्स काढ. पट्टा आतून उलटा कर. पाठीमागे मधोमध बोट फिरव. कंपनीची शिवण सपाट असते, माझी हाताला जाड लागेल. मग टेप लाव. एकीची कंबर अठ्ठावीस भरेल, एकीची सव्वीस, शेवटची चोवीस.

मग मनवाकडे बघ.

अनुजा


चिंचपोकळी
बुधवार, २८ जानेवारी

ताई,

काल तू हॉस्पिटलच्या जिन्यावर मला जा म्हणालीस आणि मी गेले. वॉर्डात येणार नाही. पण तू पोचायच्या आधीच्या दोन तासांत काय झालं ते फक्त मला माहीत आहे. डॉक्टर विचारतील, आणि मनवा तुला खरं सांगेल याची खात्री नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

रविवारी दुपारी तू दुकानात फोन केलास. "ती तिथे आहे का?" मी नाही म्हटलं, तू ठेवून दिलास. तेवढ्यावरून मला कळलं की तू जीन्स उलट्या करून बघितल्यास, घरात बोलणं झालं आणि पोर निघून गेली. ती प्रभादेवीला मैत्रिणीकडे होती, तिनेच नंतर सांगितलं. सोमवारभर मी दुकानाच्या दाराकडे बघत होते. मला खात्री होती ती माझ्याकडे येणार. भांडायला तरी येणार.

मंगळवारी साडेअकराला आली. चेहरा मेणासारखा. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू सांगितलंस."

"हो."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, मावशी."

"ते बरोबर होतं. मी तुझं ऐकलं तेच चुकलं."

"आईने टेप लावला मला. माप घेतलं माझं, चोरासारखं. आजीसमोर."

टेप लाव असं मीच लिहिलं होतं. जीन्सला लाव असं लिहिलं होतं, पण ते आता सांगून काय उपयोग.

तिने फळीवरून चोवीस नंबर ओढला. आमच्याकडचा सगळ्यात लहान. "तुम्हाला दोघींना वाटतंय मी मरायला टेकलेय. बघ आता, बसते की नाही नीट. तूच सांगतेस ना, बसणं महत्त्वाचं." आणि ट्रायल रूममध्ये जाऊन कडी लावली.

मी दाराबाहेर उभी राहिले. आधी पिशवी ठेवल्याचा आवाज आला. मग बूट काढल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मी हाक मारली. "थांब ना," म्हणाली. आवाज खोल गेलेला. पुन्हा हाक मारली. मग आतून दाराला काहीतरी घासत खाली गेलं, आणि दाराच्या खालच्या फटीत तिचा हात दिसला, पालथा.

त्या कड्या बाहेरून नाण्याने फिरवता येतात. माझ्या हातातून नाणं दोनदा पडलं. आमचा मॅनेजर पुष्कर धावत आला, त्याने कडी फिरवली. दार आत ढकलता येईना, ती दाराला टेकून पडली होती. मी आडवी होऊन फटीतून हात घातला आणि तिला इंच इंच बाजूला सरकवलं. आत गेले तेव्हा ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती, पण मी कोण ते तिला कळत नव्हतं. चोवीस नंबर गुडघ्यापर्यंत चढवलेला होता. मी तो काढला, तिची स्वतःची पँट घातली. तेवढं करताना तिच्या मांडीभोवती माझ्या दोन हातांची बोटं एकमेकांना लागली.

पुष्कर टॅक्सी बोलावून पुढे बसला. मी तिला मांडीवर घेऊन मागे. डिलाईल रोडच्या पुलावर गाडी अडकली. तेव्हा ती जरा शुद्धीवर आली. पहिलं वाक्य म्हणाली, "आईला सांगू नको." मी म्हटलं, बरं. या पोरीला मी आजवर सगळ्याला बरंच म्हणत आलेय. गाडी हलली, परळच्या नाक्यावर आलो. मग तिने माझी करंगळी पकडली, लहान असताना रस्ता ओलांडताना पकडायची तशी, आणि म्हणाली, "आईला बोलव."

ताई, हे तुला कळायला हवं म्हणून एवढं सगळं लिहिलंय. तू जबरदस्तीने आली नाहीस. तिने बोलावलं म्हणून मी पुष्करच्या फोनवरून तुला फोन केला. तुझ्यासमोर ती हे कबूल करणार नाही. पण तिने तुला मागितलं होतं.

कॅज्युअल्टीत नाडी बघितली तर मिनिटाला अडतीस. डॉक्टर तरुण मुलगी होती, स्पृहा नाव छातीवर. तिने विचारलं, "वजन किती हिचं?" मी बोलून गेले, "एकेचाळीस." मग स्ट्रेचरसकट काट्यावर घेतलं, स्ट्रेचरचं वजा केलं. चाळीस किलो आठशे. डॉक्टरने माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही आई का?" मी म्हटलं, मावशी. "उंची? कंबर? किती दिवसांत उतरली?" तिने पटापट विचारलं आणि मी पटापट सांगत गेले. जूनमध्ये तीस, ऑगस्टमध्ये अठ्ठावीस, नोव्हेंबरमध्ये सव्वीस, आता साडेबावीस. मला एकदाही आठवावं लागलं नाही.

तू माझ्या पाठीमागे कधी येऊन उभी राहिलीस मला कळलं नाही. शाळेचं कार्ड तसंच गळ्यात होतं. "तुला इंचाइंचाने माहीत होतं," तू म्हणालीस. मी हो म्हटलं. त्यावर तू जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही मला जास्तीचा वाटला नाही.

दुकानात मी आज पुष्करला सगळं सांगितलं. लेबल तसंच ठेवून आतून माप बदलून देत होते, आमच्याच मशीनवर. तो म्हणाला, वरती कळवावं लागेल. कळव म्हटलं.

तिला बरं वाटलं की नुसतं एका ओळीचं काहीतरी कळव. नाही कळवलंस तरी चालेल. डॉक्टर म्हणाली होती, पहिले चार दिवस हृदयावर लक्ष ठेवावं लागेल. आज पहिला झाला.

अनुजा


दादर
बुधवार, ११ फेब्रुवारी

अनू,

मनवा शनिवारी घरी आली. अकरा दिवस हॉस्पिटलात होती. नाडी आता पन्नाशीच्या पुढे असते. वजन दीड किलो वाढलं आहे. डॉक्टर म्हणतात हे महिनोन्महिने चालेल, कधी सुधारल्यासारखं वाटेल, कधी पुन्हा घसरेल. आठवड्यातून दोनदा समुपदेशनाला न्यायचं आहे.

एका ओळीचं कळव म्हणाली होतीस. चौदा दिवस ती ओळ मला लिहिता आली नाही. आज लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते.

तुझं पहिलं पत्र मलाच मिळालं होतं. सासूबाईंना विनाकारण दोष देऊ नकोस. मी ते उभ्या उभ्या वाचलं. आधी राग आला, मग भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मनवा ऑफिसला गेल्यावर शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिचं कपाट उघडलं. ती मधेच परत आली आणि तिने मला पाहिलं. प्रत्येक जीन्सवर तीस होतं. अनू, मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच पलंगावर बसले. तुझं दुसरं पत्र आलं ते मी फोडलंसुद्धा नाही. भाजीच्या पिशवीत ठेवलं आणि विसरले. तिसरं शाळेत आलं. शिपायाने सर्वांसमोर हातात दिलं म्हणून फोडावं लागलं.

तू पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतंस तर दहा दिवस आधी ती डॉक्टरांकडे गेली असती. हे मी तुला लिहिणारच होते, आणि लिहिलं आहे. ते मी पुसणार नाही.

पण दुसरंही लिहायला हवं. त्या गुरुवारी मनवा माझ्यासमोर उभी होती. दारात, हातभर अंतरावर. मला फक्त तिच्याकडे बघायचं होतं. तिच्या गालाची हाडं वर आली होती, घरात पंखा बंद असताना ती मोजे घालून वावरत होती, दोन महिने तिने माझ्या बरोबर बसून जेवण केलं नव्हतं. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. मी लेबल वाचलं, कारण लेबल वाचलं की तिच्याकडे बघावं लागत नव्हतं. तू ते तीस तिच्यासाठी शिवलंस. वापरलं मी.

तिला टेप लावला तेही चुकलं. सासूबाईंसमोर लावला हे तर फारच चुकलं. तिने ते अजून मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही, डॉक्टर म्हणाले सध्या नको.

धनेशबद्दल तू जे लिहिलंस त्याला मला उत्तर द्यायचं आहे. आज जमणार नाही. मला दर रविवारी दिसत होतं, एवढं मात्र आज लिहून ठेवते.

टॅक्सीतलं तू लिहिलंस ते मी मनवाला वाचून दाखवलं नाही. रोज एकदा स्वतः वाचते.

आता काम. तिचे सगळे जुने कपडे डॉक्टरांनी कपाटातून काढायला सांगितले. सध्या सैल सुती पायजमे घालते, नाडीचे, ज्यांना नंबर नसतो. ते मी शिवायला टाकणार होते. ती म्हणाली, "मावशीला सांग." मी कापडाची घडी घालत राहिले. त्यावर ती म्हणाली, "सांग ना, माप घ्यायची गरज नाही म्हणावं."

दुसरी अडचण जेवणाची आहे. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायचं. त्या वेळी कोणीतरी समोर बसून स्वतःही जेवायचं, आणि जेवणाविषयी चकार शब्द काढायचा नाही. किती खाल्लं, किती राहिलं, काही नाही. दुसऱ्या गप्पा मारायच्या. सकाळचं तिचे बाबा सांभाळतात, रात्रीचं सासूबाई. दुपारचं माझ्याकडे आहे. मी शाळेतून रजा घेतली आहे. मी समोर बसते, तिच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवते आणि घास मोजत राहते. तिला ते कळतं. काल तिने ताट सरकवून दिलं. मी रडले, त्यावर तीच मला पाणी आणून देऊ लागली, आणि त्या धांदलीत दुपारचं जेवण राहून गेलं.

तुझ्या दुकानाचं काय झालं ते तू कळवलं नाहीस. तुला कामावरून काढलं असेल असं मी धरून चालते. तसं नसेल तर सुट्टीच्या दिवशी ये, काढलं असेल तर उद्यापासून ये. दुपारी एक वाजता. पायजम्याचं कापड मी आणून ठेवलं आहे, मशीन घरात आहे. जेवताना तिच्यासमोर तू बस, मी स्वयंपाकघरात थांबेन.

मी तुला माफ केलं आहे असं समजून येऊ नकोस. तूही मला केलेलं नसणार. ते आपण दोघी नंतर बघू. पण मला एकटीला हे जमत नाही.

सासूबाईंना मी सांगून ठेवलं आहे. दार त्याच उघडतील.

ताई